तेलाची वाटी आणि कायद्याचा हात

भोपाळातील मराठी घरांत नरकचतुर्दशीच्या पहाटे पहिले काम असते ते तेल वितळवण्याचे. खोबरेल सुमारे चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठते. कोकणात आणि गोव्यात ते बहुधा पातळच राहते. परंतु या तलावांच्या गावी दिवाळीच्या सुमारास पहाटवारा गार होऊ लागतो आणि बाटलीतील खोबरेल तुपासारखे घट्ट बसते. मग कोणीतरी वाटी गरम पाण्यात ठेवते, तेल हळूहळू पारदर्शक होते आणि पाटावर बसलेल्या पहिल्या मुलाच्या टाळूवर त्याचा थेंब पडतो. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, तेव्हा जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, जी मराठी कुटुंबे सरकारी दप्तरांबरोबर येथे आली त्यांत आमचे आजोबा होते. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीणही आली. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असू. घरातील सर्वांना तेल लावण्याचा मान तिचा होता. तिची आठवण या लेखात पुढे पुन्हा येणार आहे; म्हणून वाचकांनी तिला तूर्त त्या पाटाशेजारी, हातात वाटी घेऊन बसलेली, असे पाहून ठेवावे.

तेल ही इतकी साधी वस्तू आहे की तिला इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. राजांना इतिहास असतो, किल्ल्यांना असतो, फार तर अत्तरांना असतो. वाटीभर तेलाला कोठला? परंतु कायद्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला एक खोड असते. एखाद्या गोष्टीविषयी जुन्या काळी कोणी आज्ञा दिली होती काय, कोणी मनाई केली होती काय, हे तो आधी पाहतो. त्या खोडीने आम्ही तेलाकडे पाहू लागलो, आणि हातात आले ते पाहून चकित झालो. कारण तेलाविषयी आज्ञाही आहेत आणि मनाईही आहेत. तेल न लावले तर नरक सांगणारे शास्त्र आहे, आणि तेल लावले तर शिक्षा सांगणारे धर्मन्यायालयही होऊन गेले आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'तेल' हा शब्द तिळापासून आला. जे तिळाचे ते तैल. पुढे सरकी, करडई, जवस, मोहरी, नारळ यांतून निघालेल्या द्रवालाही तेच नाव मिळाले. 'न्हावी' या शब्दाची कथा याहून मनोरंजक आहे. त्याचे प्राकृत रूप 'ण्हाविअ' असे आहे आणि त्याचा संबंध भाषाशास्त्रज्ञ स्नानाशी जोडतात. म्हणजे न्हावी हा मुळात केस कापणारा नव्हे, तर न्हाऊ घालणारा. न्हाणी आणि न्हावी हे शब्द एकाच घरचे. 'हजामत' हा शब्द मात्र अरबी. तेथे हज्जाम म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. आपल्याकडे तो शब्द आला आणि वस्तऱ्याशी जुळला. थोडक्यात, ज्या माणसाला आपण आज केवळ दाढी करणारा समजतो, त्याच्या नावांत स्नान, मर्दन आणि शस्त्रकर्म अशा तीन विद्या दडलेल्या आहेत.

आयुर्वेदाने तेलाला दिनचर्येत बसवले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात डोक्याला, कानांना, सर्वांगाला आणि पायांना तेल लावण्याचे गुण क्रमाने सांगितले आहेत. तेथील दृष्टान्त मोठा मार्मिक आहे. मडके, कातडे आणि गाडीचा आस ही तेल पाजल्याने टिकाऊ होतात, तसेच शरीर होते, असा त्याचा आशय. हा दृष्टान्त देणारा वैद्य कुंभाराच्या, चांभाराच्या आणि सुताराच्या कामाकडे डोळसपणे पाहणारा असला पाहिजे. त्याच संहितेत केस, दाढी आणि नखे पंधरवड्यात तीनदा काढावी असे सांगितले आहे. म्हणजे पाच दिवसांनी एकदा दाढी. रोज सकाळी गाल खरवडण्याची रीत जुनी नव्हे, हे यावरून दिसते. पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या स्नानाचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. तेथे सुवासिक तेलाने अंग मर्दन करणे हा राजभोगांपैकी एक ठरला. वैद्याची औषधी अशा रीतीने राजाचा विलास झाली.

परंतु राजाच्या न्हाणीघरापेक्षा गावच्या पाराखाली काय चालत असे ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. महाराष्ट्रातील गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. दर दाढीचे पैसे त्याला मिळत नसत. सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा ठरलेला असे. त्याची धोकटी म्हणजे एक लहानसे शस्त्रागारच. वस्तरा, त्याला धार लावण्याची शिळा, चामटे, कातर, नखे काढण्याची नराणी, हातातला आरसा आणि पाण्याची वाटी. साबण या यादीत नाही. मग वस्तरा चालत असे कशावर? पाण्यावर. न्हावी बोटे पाण्यात बुडवून गाल आणि हनुवटी बराच वेळ चोळीत बसे. आज ज्यास वेळ काढणे म्हणतात तेच खरे कौशल्य होते. कारण दाढीचा केस कोरडा असताना तांब्याच्या तारेसारखा ताठ असतो आणि पाणी शोषून घेण्यास त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. भिजलेला केस मऊ होतो आणि धारेपुढे नमतो.

तेलाचे काम त्यानंतरचे. तेल केसाला मऊ करीत नाही. ते पाते आणि कातडी यांच्यामधील घर्षण कमी करते आणि शोषलेले पाणी लवकर उडू देत नाही. म्हणून आधी पाणी आणि मग तेलाचा पुसट हात, हा क्रम शहाणपणाचा. उलट केले, म्हणजे कोरड्या गालावर आधी तेल चोपडले, तर पाणी केसापर्यंत नीट पोहोचत नाही. दाढी आटोपली की तुरटीचा ओला खडा गालावरून फिरे आणि लहानसहान जखमांचे रक्त थांबे. मग डोक्याला तेल, मानेला आणि खांद्यांना चोळणे. ही शेवटची विद्या सातासमुद्रापार गेली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. पाटण्यास १७५९ साली जन्मलेला शेख दीन महंमद हा कंपनीच्या फौजेबरोबर फिरत फिरत आयर्लंड आणि तेथून इंग्लंडास गेला. ब्रायटन येथे त्याने बाष्पस्नानाची आणि चंपीची पेढी काढली, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांचा तो अधिकृत 'शांपूइंग सर्जन' झाला. इंग्रजीतील 'शांपू' हा शब्द आपल्या 'चांपणे' या क्रियेचाच वंशज. जो शब्द अंग रगडण्याचा होता तो साहेबाच्या घरी जाऊन केस धुण्याचा झाला आणि बाटलीत भरून आपल्याकडे परत आला!

या धोकटीला महाराष्ट्राच्या संतपरंपरेत जे स्थान मिळाले ते क्वचितच दुसऱ्या हत्यारांना मिळाले असेल. सेना न्हाव्याची कथा महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त सांगितली आहे. सेना पूजेत मग्न असताना राजाचे बोलावणे येते, तो जात नाही, राजा संतापतो, तेव्हा पांडुरंग स्वतः सेनाचे रूप घेऊन, काखेत धोकटी मारून, राजवाड्यात जातो आणि राजाची हजामत करून त्याला तेल चोळतो. राजा खाली पाहतो तो तेलाच्या वाटीत त्याला चतुर्भुज रूपाचे प्रतिबिंब दिसते. वर पाहावे तर न्हावी, खाली पाहावे तर नारायण. उत्तरेकडील भक्तमाळेच्या परंपरेत हाच सेना बांधवगडच्या राजाच्या पदरी होता असे सांगतात. बांधवगड आजच्या मध्य प्रदेशातच, उमरिया जिल्ह्यात, आहे. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही 'सैण' या नावाने एक पद आहे. सेना कोणाचा हा वाद आम्ही येथे सोडवू पाहत नाही. पंढरी आणि बांधवगड या दोन्ही ठिकाणच्या लोकांना तो आपला वाटला, एवढे आम्हांस पुरेसे आहे. पण या कथेत देव प्रकटला तो सोन्याच्या आरशात नव्हे, यज्ञाच्या ज्वाळेतही नव्हे. तो प्रकटला एका श्रमजीवी माणसाच्या तेलाच्या वाटीत, हे विसरून चालणार नाही. जो हात अस्पृश्याच्या जवळचा मानला गेला आणि तरीही ज्याच्या स्पर्शावाचून राजाचे चालत नसे, त्या हाताचा हा गौरव आहे.

आता शास्त्राकडे वळू. काशीनाथ उपाध्यायांनी पंढरपुरी बसून १७९०-९१ साली रचलेला 'धर्मसिंधु' हा आपल्या घरांतील आचारांचा एक प्रकारचा संहिताग्रंथच होय. त्यात आणि त्याच्या आधीच्या निबंधग्रंथांत तेलाविषयी बारीक विचार आहे. वर्षप्रतिपदा, वसंताचा आरंभ आणि बलिप्रतिपदा या दिवशी जो तैलाभ्यंग करीत नाही त्याला नरक सांगितला आहे. उलट काही तिथी आणि काही वार अभ्यंगास निषिद्ध आहेत. पण निषेध सांगून निबंधकार थांबत नाहीत. ते लगेच अपवाद देतात. मोहरीचे तेल, सुगंधी तेल, फुलांनी वासवलेले तेल आणि इतर द्रव्य मिसळलेले तेल यांना तो दोष लागत नाही! हे वाचून आम्हांला आमच्या व्यवसायाचा अभिमानच वाटला. मुख्य कलमात कडक मनाई करावी आणि परंतुकात ती बहुतेक पुसून टाकावी, ही कला आमच्या विधिमंडळांनी इंग्रजांकडून शिकली असे आम्ही समजत होतो. ती येथे फार पूर्वीपासून नांदत होती. तेलात दोन मोगऱ्याची फुले टाकली की वार कोणताही चाले.

परंतु एक निषेध असा होता की त्याला परंतुक नव्हते. तो विधवेचा. स्कंदपुराणाच्या काशीखंडात विधवेने अंगाला उटणे लावू नये, सुगंधी द्रव्ये वापरू नयेत आणि केस ठेवू नयेत असे सांगितले आहे. त्या केसांची वेणी म्हणजे मृत पतीला बंधन, असे त्याचे कारण दिले आहे. ज्या घरात बलिप्रतिपदेस तेल न लावणाऱ्याला नरक, त्याच घरात एका कोपऱ्यातील बाईने तेल लावले तर पाप! आणि तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवण्यास बोलवायचे ते त्याच न्हाव्याला, ज्याच्या वाटीत पांडुरंग दिसला होता. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याने मान्यता मिळाली. पण कायदा लग्न लावू देतो, तेलाची वाटी हातात देत नाही. वस्तरा थांबवण्याचे काम वस्तरा धरणाऱ्यांनीच हाती घेतले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक आणि १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील न्हाव्यांनी सभा भरवली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निर्धार जाहीर केला. आपल्या उत्पन्नावर पाणी सोडून दुसऱ्या जातीच्या स्त्रियांसाठी केलेला हा संप होता. कायद्याच्या इतिहासात अशा संपाला कलम नसते. नीतीच्या इतिहासात त्याला मोठे पान असावे.

या नियतकालिकाच्या वाचकांना आता आम्ही गोव्यात नेतो; कारण तेलाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण कागद तेथे आहे. गोव्यात धर्मन्यायासन १५६० साली स्थापन झाले. १७७४ साली ते बंद झाले, १७७८ साली पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे मिटले. या न्यायासनाने १७३६ सालच्या एप्रिल महिन्यात एक आज्ञापत्र काढले. प्रियोळच्या मातीतून आलेले संशोधक अनंत काकबा प्रियोळकर यांनी गोव्याच्या या न्यायासनावर १९६१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याचा तपशील सर्वांस उपलब्ध झाला. नवख्रिस्ती झालेल्या गोवेकरांनी कोणकोणते जुने आचार सोडावेत याची ती यादी आहे. घरात तुळस लावू नये. पुरुषांनी पुडवे नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. लग्नात गावठी गाणी म्हणू नयेत आणि जुन्या पद्धतीची वाद्ये वाजवू नयेत. विडा-सुपारीची देवघेव करू नये. मिठाशिवाय भात शिजवू नये. आणि वधू-वरांच्या अंगाला वाटलेली हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ आणि अबोलीचा ठेचलेला पाला यांचे मिश्रण लावू नये. मूळ शब्द केशराचा आहे; पण गोव्याच्या पोर्तुगीज बोलीत त्या शब्दाने हळदच ओळखली जाते.

या यादीकडे वकिलाच्या नजरेने पाहिले की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, मनाई ही नेहमी अस्तित्वाचा पुरावा असते. जे कोणी करीतच नाही ते करू नका असे कोणी फर्मान काढीत नाही. न्यायासन स्थापन होऊन पावणेदोनशे वर्षे झाली, कोकणी भाषेचा वापर बंद करण्याचे १६८४ सालचे फर्मान निघून अर्धशतक उलटले, आणि तरीही १७३६ साली तेल-हळद लावू नका असे बजावावे लागले, याचा अर्थ ते लावले जात होते. दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. आमच्या पूर्वजांपैकी कोणी वधूच्या उटण्याची कृती लिहून ठेवण्याच्या भानगडीत पडले नाही. ती आज अठराव्या शतकातील कागदावर पाच जिन्नसांसह सापडते ती आरोप करणाऱ्यांच्या दप्तरात. ज्यांनी ती पुसून टाकायचे ठरवले, त्यांनीच ती जपून ठेवली.

आणि पुढे काय झाले? न्यायासन गेले. पण रोस राहिला. लग्नाच्या आदल्या दिवशी गोव्यातील आणि मंगळूरकडील ख्रिस्ती घरांत वधू आपल्या घरी आणि वर आपल्या घरी बसतो. आप्तेष्ट एकेक करून पुढे येतात, नारळाचा रस त्याच्या अंगाला चोळतात, डोक्यावर तेल घालतात आणि कपाळावर क्रूसाची खूण करतात. मंगळूरच्या घरांत त्या वेळी ओव्या म्हटल्या जातात. त्यांना तेथे 'वोवयो' म्हणतात. मंगळूरच्या या ख्रिस्ती समाजातील पुष्कळांचे पूर्वज सोळाव्या ते अठराव्या शतकांत गोवा सोडून दक्षिणेस गेले. त्यांनी बरोबर काय नेले असेल? जमीन नेता येत नाही, घर नेता येत नाही. देव त्यांनी बदलला होता. पण तेल लावण्याची रीत त्यांनी नेली आणि गाणेही नेले. अलीकडे हिंदूंचे हळद-तेल आणि पलीकडे ख्रिस्ती रोस. मधून धर्माची सीमा गेली आहे, पण दोन्हीकडील हात एकाच पद्धतीने फिरतात.

कायद्याचा हात येथे का थिटा पडला, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. तुळशीचे वृंदावन अंगणात दिसते. पुडवे आणि चोळी रस्त्यावर दिसतात. गाणे शेजारी ऐकू जाते. तेल मात्र अंगात मुरते आणि स्नानाबरोबर वाहून जाते. शिवाय ते लावणाऱ्या बायका असत, आणि ते लावले जाई ते घराच्या आत. राज्यसत्तेचा शिपाई न्हाणीघराच्या दारापर्यंतच येऊ शकतो. स्पर्शाने दिलेला वारसा पुढच्या पिढीच्या कातडीतच साठवला जातो; त्याला जप्तीची नोटीस बजावता येत नाही.

तेलाची भूगोलविद्याही मोठी आहे. पण ती आम्ही थोडक्यात आटोपतो. किनाऱ्यावर खोबरेल, देशावर तीळ, करडई आणि भुईमूग, उत्तरेकडे मोहरी. आम्ही ज्या प्रदेशात राहतो तेथील रानात मोहाचे झाड आहे. त्याच्या फुलांची दारू सर्वांस ठाऊक आहे. पण फुले पडून गेल्यावर येणाऱ्या फळांतील बी, ज्यास येथे गुल्ली किंवा डोरी म्हणतात, तिचे तेल गोंड आणि इतर आदिवासी घरांत दिव्याला, भाजीला, केसांना आणि फुटलेल्या टाचांना चालते. थंडीत ते लोण्यासारखे गोठते. या झाडावरही कायद्याची नजर गेली. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहाच्या फुलांविषयी कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडे फुले बाळगण्यावर निर्बंध आले. सरकारला त्या झाडात दारू आणि अबकारी महसूल एवढेच दिसले. आदिवासी आईला त्यात आपल्या मुलाच्या अंगाला लावण्याचे तेल दिसत होते. पुढे फार उशिरा, २००६ सालच्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा मालकीहक्क मान्य केला. झाड ज्यांचे होते त्यांना ते कागदावर परत मिळाले. कागदावरील हक्क खेड्यातील घाण्यापर्यंत पोहोचवणे हे काम अजून चालू आहे.

मग साबण आला. लिव्हर बंधूंचा 'सनलाइट' १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला. विलायती साबणांत प्राण्यांची चरबी असे, म्हणून सनातनी घरांत तो न्हाणीच्या उंबरठ्यावरच अडला. या अडचणीतून वाट काढली ती एका माजी वकिलाने. अर्देशिर गोदरेज यांनी कायद्याची परीक्षा दिली होती. पूर्व आफ्रिकेत एका खटल्याच्या कामी गेले असता अशिलासाठी सत्याला मुरड घालणे आपल्याला जमणार नाही असे त्यांना दिसले आणि त्यांनी वकिली सोडली. १८९७ साली ते कुलपांच्या धंद्यात पडले आणि १९१८च्या सुमारास त्यांनी प्राणिज चरबी न घालता, केवळ वनस्पतींच्या तेलांपासून साबण केला. व्यवसायबंधू या नात्याने आम्ही हे नमूद करतो, जरी त्यात आमच्या व्यवसायाची स्तुती नाही. १९१७ साली टाटांची तेलगिरणी कंपनी निघाली. तिचा 'मोती' साबण पुढे महाराष्ट्राच्या दिवाळीचाच भाग झाला. तेलाने केलेल्या अभ्यंगावर तेलाचाच साबण लावून स्नान पुरे होऊ लागले. त्याच सुमारास सुरक्षित पात्याचा वस्तरा, ज्याचे पेटंट अमेरिकेत जिलेटला १९०४ साली मिळाले, आपल्याकडे पोहोचला. पुरुष स्वतःच आपली दाढी करू लागला, आणि पाराखालची धोकटी दुकानाच्या फळीवर गेली. खेड्यातील घाण्यालाही हाच धक्का बसला. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाच्या छायेत झवेरभाई पटेलांनी बैलघाण्यात सुधारणा करून तो टिकवण्याची खटपट केली, ती याच काळातील.

आज चक्र पुन्हा फिरले आहे. ज्या तेलाला खेडवळ म्हणून टाकले, तेच लहानशा काचेच्या बाटलीत, दाढीचे तेल किंवा त्वचेचे तेल या नावाने चौपट भावात परत येते. त्याला आमची हरकत नाही. मात्र 'नैसर्गिक' हा शब्द साक्षीदाराच्या शपथेसारखा असतो. तो उच्चारला म्हणून साक्ष खरी होत नाही. तेलातेलांत फरक आहे. खोबरेलातील सुमारे निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. ते कोरड्या त्वचेला चांगले, पण मुरुमाच्या चेहऱ्याला बहुधा मानवत नाही. तिळाच्या तेलात स्वतःची राखण करणारी द्रव्ये आहेत, त्यामुळे ते लवकर खवट होत नाही. वैद्यांनी त्याला पहिला मान दिला त्याचे हे एक कारण असावे. मोहरीचे तेल उत्तरेत तान्ह्या मुलांना सर्रास चोळतात. परंतु २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ते त्वचेच्या संरक्षक थराची दुरुस्ती लांबवते असे आढळले, आणि सूर्यफुलाचे तेल त्याहून उपकारक ठरले. आजी सांगे ते सर्व खरे नव्हते, आणि सर्व खोटेही नव्हते. परंपरेची उलटतपासणी घ्यावी. पण ती घेताना साक्षीदाराचा अपमान करू नये.

आता आत्याआजीकडे परत जातो. ती बाराव्या वर्षी विधवा झाली होती. आम्ही तिला पाहिली ती ऐंशीच्या घरातली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली. दिवाळीच्या पहाटे ती आम्हां सर्वांना पाटावर बसवी. तिच्या हातात विलक्षण शक्ती होती. टाळू, कानामागची जागा, पाठीचा कणा, टाचा, काही सुटत नसे. चरकाचे नाव तिने ऐकले नसेल, पण त्याचा क्रम तिच्या बोटांना पाठ होता. सर्वांचे आटोपले की वाटीत तळाशी उरलेले तेल ती स्वतःच्या हातांवरही चोळून घेत नसे; राखेने हात घासून टाकी. आम्हां मुलांना त्यात काही वावगे वाटले नाही. रीत ही अशीच लहानपणी दिसेनाशी होते.

एका दिवाळीला आमच्या आईने वाटी तिच्या हातून काढून घेतली आणि म्हणाली, "आत्याबाई, आज तुम्ही बसा पाटावर." म्हातारी गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, मला कशाला? पुरे झालं आता." आई काही बोलली नाही, तिने गरम केलेल्या तेलात बोटे बुडवली आणि तिचा पदर हळूच मागे सारला. पांढऱ्या, आखूड, उभ्या केसांवर तेलाचा हात फिरला. सत्तर वर्षे त्या डोक्यावर वस्तऱ्यावाचून कोणाचा स्पर्श झाला नव्हता. घरात कोणी बोलत नव्हते. आत्याआजीने डोळे मिटले होते, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, जणू त्यांना काय करावे हे प्रथमच सुचत नव्हते.

पुढे कायदा शिकताना आम्ही हक्कांच्या पुष्कळ व्याख्या वाचल्या. त्यांतील कोणतीच त्या पहाटेला पुरली नाही. धर्मसिंधूत तिच्यासाठी परंतुक नव्हते, आणि १८५६च्या कायद्यात तिच्या टाळूसाठी कलम नव्हते. तिच्यासाठी न्यायालय भरले ते न्हाणीच्या दाराशी, आणि निकाल दिला तो एका सुनेने. गोव्याच्या बायकांनी ज्या बळावर न्यायासनाचे फर्मान थिटे पाडले, आणि मुंबईच्या न्हाव्यांनी ज्या बळावर वस्तरा खाली ठेवला, तेच बळ आईच्या त्या हातात होते. आमच्या घरी आजही दिवाळीच्या पहाटे खोबरेल गोठलेले असते. ते वितळण्यास थोडा वेळ लागतो. तोवर पाटावर सर्वांत आधी कोणाला बसवायचे, हे आम्ही घरच्या सर्वांत थोरल्या बाईला विचारीत नाही, तिलाच बसवतो.